तंजावर: देऊळ आणि सांबाराच्या पलीकडे

तंजावरबद्दल दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात: तिथल्या बृहदीश्वर देवळाच्या शिखराची सावली पडत नाही आणि सांबाराला नाव संभाजीराजांवरून पडलं. पहिला सरळ चुकीचा. सावली पडते, ऊन असताना कधीही जाऊन बघा. दुसरी कथा चविष्ट आहे, पण तिला समकालीन पुरावा मला कुठे दिसलेला नाही.

खरी गंमत तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांच्या काळात आहे. १७९९ च्या तहाने इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला, राजाकडे किल्ला आणि आसपासचा भाग तेवढा उरला. मग या माणसाने काय करावं? ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले. सरस्वती महाल ग्रंथालय मूळचं भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांचं, पण त्याला आजचं वैभव दिलं ते यांनी. तिथली मोडी कागदपत्रं अजून पुरती वाचून झालेली नाहीत (मोडी शिकणाऱ्यांनो, ऐकताय ना?). पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच दरबारातले. भरतनाट्यमचा अलारिप्पू (सुरुवातीचं नृत्य) ते तिल्लाना (शेवटचं) हा क्रम त्यांनी बसवला, म्हणजे आजच्या प्रत्येक अरंगेत्रमवर (शिष्याच्या पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगावर) तंजावरची छाप आहेच.

मात्र सगळं श्रेय भोसल्यांना देऊ नका. देऊळ राजराज चोळाचं, साधारण १०१० चं. इथले पहिले भोसले राजे, व्यंकोजीराजे, आले त्याच्या साडेसहाशे वर्षांनंतर. आणि या सगळ्याचा खर्च निघाला तो कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीवर.

देवळात गेलात तर आवाराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख चुकवू नका. भोसले घराण्याचा अख्खा इतिहास कोरलाय. गाईड बहुतेक वेळा तिकडे नेत नाहीत, आपणच विचारायचं.