सालिम अली, डार्विन, तुळसी गौडा यांच्या नावाने मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं? (खानापूर-बेळगाव भाग)

खानापूरचा_मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, सहावी-सातवी मिळून तीसेक मुलं. इको क्लब कागदावर आहे. ५ जूनला एक रोप, १२ नोव्हेंबरला फळ्यावर सालिम अलींचं चित्र, दोन भाषणं आणि गोळ्या-चॉकलेट. मुलांना नावं पाठ आहेत. सालिम अलींनी केलं काय, असं विचारलं की "पक्षी वाचवले" इथंच उत्तर संपतं.

यंदा चार-पाच अभ्यासक निवडावेत आणि त्यांनी जे काम केलं त्यातलंच थोडं मुलांनी गावात करावं, असं मनात आहे. आठवड्याला एक तास आणि शनिवारची सकाळ मिळते. पैसे बेताचे, मोबाइल एकच, तोही माझा. कोणाला कोणत्या महिन्यात घ्यावं, मोजायचं कसं आणि कुठे फसतं ते सांगा. मुलं भीमगडच्या वटवाघळाचंही विचारतात. बारापेडे गुहेपर्यंत सहल नेता येईल का?

माळटिटवी

सर, आधी जयंत्यांची यादी बाजूला ठेवा. आपल्याकडे काय दिसणार ते पाऊस ठरवतो, कॅलेंडर नव्हे. सालिम अलींची जयंती नोव्हेंबरात, पण त्यांचं सुगरणीवरचं गाजलेलं काम पावसाळ्यातलं. १९३० साली अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरणीची वसाहत रोज बसून पाहिली. नर घरटं अर्धंच विणतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तरच तो पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गडी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी नोंदींवरून दाखवलं. तुमच्या भागात भाताची आणि उसाची पानं चिरून नेणाऱ्या सुगरणी जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत कामात असतात. १२ नोव्हेंबरला पाहायला गेलात तर रिकामी घरटी लोंबताना दिसतील.

पद्धत साधी आहे. बाभूळ, शिंदी किंवा नारळावरची एक वसाहत निवडा. विहिरीवर झुकलेलं झाड घेऊ नका, कठडा नसलेल्या विहिरीपाशी वर खाली पाहणारी तीस मुलं नकोत. झाडापासून वीस मीटरवर चार-चारच्या गटाने सकाळी सात ते साडेनऊ बसायचं, दर शनिवारी. पहिल्या दिवशी झाडाचं मोठं चित्र काढा आणि घरट्यांना क्रमांक चित्रावरच द्या. फांदीला चिठ्ठी बांधायला कुणी चढू नये. प्रत्येक क्रमांकापुढे अवस्था लिहायची: नुसतं कडं, टोपी (अर्धं घरटं), की खाली नळी आलेलं पूर्ण. मादी आत शिरली का, नर पंख फडफडवत होता का, एवढं पुरे.

फसतं ते टोपीपाशी. मुलं तिला "वाऱ्याने मोडलेलं घरटं" लिहून मोकळी होतात. ते मोडलेलं नसतं, मादीने नाकारलेलं किंवा अजून न तपासलेलं असतं, आणि सालिम अलींचा सगळा शोध त्या टोपीतच आहे. दोन-तीन आठवडे टोपीच्या पुढे न गेलेली घरटी वेगळ्या रंगाने रंगवायला सांगा. कोणत्या फांदीवर नकार जास्त, ते ऑगस्टअखेर चित्रातच दिसू लागतं.

त्याच महिन्यांत फाब्र घ्या. फ्रान्सचे जाँ-हेन्री फाब्र, १८२३ ते १९१५, जन्मभर अंगणातले किडे पाहिले. शेणकिड्याची मादी अंड्यासाठी नासपतीच्या आकाराचा गोळा करते, हे त्यांना कळलं ते एका मेंढपाळाच्या पोरानं तो गोळा आणून दिला म्हणून. गवळीवाड्यावरच्या मुलांना हे आवर्जून सांगा.

सापळा असा: ३०० मिलीचा प्लास्टिकचा पेला, तळाला गरम सुईने चार भोकं, आत मूठभर माती. तो जमिनीत असा पुरा की काठ मातीच्या बरोबर येईल. काठ बोटभर वर राहिला तरी किडा वळसा घालून जातो. लिंबाएवढं ताजं शेण जुन्या पातळ कापडात बांधून वाकवलेल्या काडीला पेल्यावर चार-पाच सेंटिमीटर उंच टांगा. वर काड्यांवर पत्रावळ ठेवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. असे पाच सापळे, दोहोंत पन्नास पावलं अंतर. संध्याकाळी लावून सकाळी आणि सकाळी लावून संध्याकाळी, असं दोन्ही वेळा पाहा, कारण दिवसाच्या आणि रात्रीच्या जाती वेगळ्या. जातींची नावं कळली नाहीत तरी चालेल. गोळा लोटणारे, शेणाखाली बीळ करणारे आणि शेणातच राहणारे, अशा तीन वाटण्या करून मोजा आणि सोडून द्या. हातमोजे आणि नंतर साबण, यात सूट नाही.

एकही किडा आला नाही तर दोन कारणं तपासा: शेण कालचं होतं का, आणि त्या जनावराला अलीकडे जंताचं इंजेक्शन दिलं होतं का. आयव्हरमेक्टिनचा अंश शेणातून उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या त्यानं मरतात. गोठ्यागोठ्यातलं शेण वापरून हा फरकही तपासता येईल, मालकाला विचारून.

जांबोटीचं_बी

वरचं सगळं पटलं, एक सोडून. नुसती पद्धत घेतली आणि माणूस मागे पडला तर मुलांपुढे राहतो तो फक्त तक्ता. आपल्याकडे पोरांच्या खिशात अजून गलोल असते. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचे. एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथं सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांनी कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले, आणि पुढचं सगळं तिथून. हा भाग शाळेत गाळतात. गाळू नका. मात्र आज पक्षी मारणं कायद्याने गुन्हा आहे, हे त्याच दमात सांगायचं.

दुसरं, सगळे साहेब आणि शास्त्रज्ञच कशाला? अंकोल्याकडच्या तुळसी गौडा घ्या, शेजारच्याच जिल्ह्यातल्या. हालक्की समाजातल्या, शाळा न पाहिलेल्या, वनखात्याच्या रोपवाटिकेत आयुष्य गेलं. २०२० च्या यादीत पद्मश्री, १६ डिसेंबर २०२४ ला वारल्या. बी कोणत्या झाडाचं घ्यायचं, म्हणजे आईझाड कोणतं, हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा. मुलांनी नेमकं तेच करावं.

जांभळापासून सुरू करा, फळ जूनच्या तोंडावर मिळतं. झाड मध्यम वयाचं, भरपूर फळणारं, रोग नसलेलं आणि आसपास जांभळं असलेलं हवं. माळावरच्या एकट्या झाडाला परागाची देवाणघेवाण कमी मिळते, रोपं दुबळी निघू शकतात. एकाच झाडावर भागवू नका, शंभरेक मीटर अंतरावरची पाच-सहा झाडं घ्या. सुरुवातीला गळणारी फळं बहुधा किडकी असतात, ती सोडून भर बहरातली वेचा. मालकीच्या किंवा रस्त्याकडेच्या झाडाखालीच वेचायची, राखीव जंगलात नाही.

गर धुऊन बी सावलीतच ठेवा. जांभळाचं बी सुकलं की मेलं, दोन आठवड्यांच्या आत लावायलाच हवं. चिंचेचं तसं नाही, ते वर्षभर टिकतं. ५×८ इंची पिशव्या, दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत, बी दोन सेंटिमीटर खोल. एका बियातून दोन-तीन कोंब येतात, जोमाचा एक ठेवून बाकीचे कात्रीने छाटा. उपटलात तर ठेवलेल्याचं मूळही हलतं. पिशव्या महिन्याला जागच्या जागी फिरवा, नाहीतर मूळ भोकातून जमिनीत उतरतं.

शाळेतल्या रोपवाटिका मरतात त्या एप्रिल-मेमध्ये. रोपं पुढच्या पावसाळ्यात लावायची, आणि मधली उन्हाळ्याची सुट्टी कोरडी. म्हणून शंभर पिशव्या शाळेत मांडू नका. घरी विहीर किंवा बोअर असलेल्या मुलांना प्रत्येकी पाच-पाच वाटा आणि वहीत कुणाकडे कोणत्या झाडाची, ते लिहा.

निपाणीची_काळी_माती

खानापूरकरांचं झालं, आता उसाच्या पट्ट्यातलं ऐका. डार्विन म्हटलं की माकडाचा माणूस, एवढंच मुलांना माहीत. त्यांचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर होतं, १८८१ चं. घराजवळच्या शेतात १८४२ मध्ये खडूचा थर पसरलेला, १८७१ मध्ये खणलं तर तो सात इंच खाली गेलेला. वरची माती गांडुळांनी आणलेली. २९ वर्षं थांबण्याची तयारी हा यातला धडा. आपण पुढची पायरी करू, आपल्या मातीत गांडुळं किती ते मोजू.

३५ सेंटिमीटरची चौकट काड्यांची करा. ४० ग्रॅम मोहरी त्याच दिवशी दळा, थोड्या गार पाण्यात कालवा, मग चार लिटर पाण्यात मिसळा. अर्धं चौकटीत ओता, मुरलं की उरलेलं. दहा मिनिटांत गांडुळं वर येतात, मोहरीचा झोंब त्यांच्या कातडीला लागतो. लगेच साध्या पाण्यात धुऊन मोजा आणि बाजूच्या मातीत सोडा. गरम पाणी वापरलंत तर काम होत नाही, झोंब तयार करणारा घटक उष्णतेने निकामी होतो. जुनी पूडही कुचकामी. डोळ्यांना हात लावू द्यायचा नाही.

आमच्या काळ्या मातीत मात्र हे फसतं. ओली असेल तर पाणी मुरतच नाही, वाळली असेल तर सगळं भेगांतून खाली जातं. इथं ३० × ३० सेंटिमीटर आणि २० खोल असा चौकोन खणून हाताने निवडायचं, जुलै ते सप्टेंबर. बांधावर एक, रासायनिक खताच्या उसात एक, शेणखताच्या परसात एक.

ऊस आहे तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ हव्याच. १९३४ पासून कोईमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा इतर गवतांशी संकर आणि गुणसूत्रांची मोजणी केली. मुलांना संकर जमणार नाही, पण त्यामागचा प्रश्न हातात देता येतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी कांस वाढतं, ते उसाचं रानटी भावंड. उसाचा आणि त्याचा संकर करून को २०५ ही जात १९१८ मध्ये आली. कांसाची काडी आणि शेतातल्या को ८६०३२ या जातीच्या उसाचं कांडं शेजारी ठेवून कांड्यांची लांबी, जाडी, डोळ्यांची जागा मोजा. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे रसातली साखर मोजणारं हातातलं ब्रिक्समीटर असतं, तासाभरासाठी मागून घ्या. आधी स्वच्छ पाण्यावर शून्य जुळवायचं, मग बुडख्याचा, मधला आणि शेंड्याचा रस. पिकलेल्या उसात बुडखा आणि शेंडा जवळजवळ सारखे येतात. आदल्या दिवशी तोडलेला ऊस आणू नका, पाणी उडून आकडा फुगतो.

खानापूरचा_मास्तर

आभार. आमची माती तांबडी, म्हणजे मोहरी चालेल असं दिसतंय. वटवाघळाचं राहिलं.

रात्रपाळी

सर, बारापेडेला नेऊ नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगी लागते. पण परवानगी मिळाली तरी नको. राउटनचं वटवाघूळ १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी याच गुहेतल्या नमुन्यांवरून नोंदवलं, नाव दिलं ते वनखात्यातल्या राउटनसाहेबांचं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडेपर्यंत जगात ते फक्त आपल्या तालुक्यात माहीत होतं. वसाहत लहान, आणि टॉर्च-गोंगाटाने वटवाघळं जागा सोडतात. नकाशावर गुहा दाखवा, तेवढं बास.

त्याऐवजी शाळेच्या किंवा देवळाच्या कौलांतली लहान वटवाघळं मोजा, पालकांना बरोबर घेऊन. सूर्यास्ताआधी पंधरा मिनिटं बसायचं, नंतर पाऊण तास थांबायचं. मुलांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे उजळ आभाळावर काळं पाखरू दिसतं. प्रत्येक फटीवर दोघं, एक बाहेर गेलेली मोजणारा, एक परत आलेली. वजाबाकी करून आकडा लिहा. महिन्यातून एकदा, पाऊस नसलेल्या रात्री. खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, चावलंच तर धुऊन थेट दवाखाना. अर्धवट खाल्लेली फळंही उचलायची नाहीत.

माळटिटवी

एक राहिलं. नोंदवही सगळ्यांची एकच करा, नावाला दोन रकाने, मराठी आणि कन्नड. सुगरण-गीजग, जांभूळ-नेरळे, चिंच-हुणसे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही असावी लागते. या नोंदवहीमागे माधव गाडगीळ यांचं मोठं काम आहे. पंचायतीत विचारा, तिथं कन्नड नावं असली की मुलांची पानं थेट जोडता येतात. आणि ज्या शनिवारी काहीच दिसलं नाही तिथं मुलं ओळच गाळतात, तिथं शून्य लिहायला लावा. नाहीतर जुलैत सुगरण आली नव्हती, की त्या दिवशी कुणी गेलंच नव्हतं, हे मार्चमध्ये वहीवरून कळायचं नाही.