मदत हवी आहे: अल्टरनेटर बदलू की मागे दुसरी बॅटरी टाकू?

नमस्कार मंडळी. माझ्या डिझेल गाडीत १५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देऊ शकणारी पॉवर) क्लास डी मोनोब्लॉक (फक्त बेससाठीचा एका चॅनलचा अँप्लिफायर) आणि दरवाज्यांच्या स्पीकरना ३०० वॉटचा क्लास एबी अँप आहे. इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज बनवणाऱ्या कंपनीच्या अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलंय. सिग्नलला एसी, हेडलाइट चालू असताना बेस पडला की डॅशबोर्डचे दिवे मिचमिचतात. अँपच्या टर्मिनलवर मीटर धरला तर १४.१ वरून थेट ११.७ व्होल्ट.

माझा हिशोब असा: क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के आणि एबीची ६० टक्के धरली, तर पूर्ण जोरात साधारण २३७५ वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टला १७२ अँपिअर. गाण्यात सरासरी ओढ त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी धरली तरी ५७, वर गाडीचे स्वतःचे ३५-४०. म्हणजे ९० पुरत नाहीच, त्यात आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अल्टरनेटर पूर्ण करंट देतच नाही. दुकानदार एक फॅरडचा कपॅसिटर लाव म्हणतो. पण १४ वरून १२ व्होल्टपर्यंत तो जेमतेम २६ ज्यूल देणार. एवढ्या लोडला सेकंदाचा शंभरावा भाग!

बॅटरी कितीही मोठी घेतली तरी भरणार अल्टरनेटरच, म्हणून आधी तोच बदलावा असं मला वाटतं. १८० अँपिअरचा घेताना आयडलचा आकडा किती बघावा? अल्टरनेटर ते बॅटरी आणि दोन्ही अर्थिंगला ५० चौरस मिमी तांब्याची केबल पुरेल का? डिकीत ८० एएचची (अँपिअर-तास) एजीएम, म्हणजे सीलबंद प्रकारची बॅटरी जोडली, तर पुढच्या साध्या बॅटरीसोबत आयसोलेटर (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारं उपकरण) लागेलच ना? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया मीटरच्या रीडिंगसकट सांगा.