विषय: अडीच वर्षं उलटली, बाळ अजून बोलत नाही. कुणाकडे जायचं?

(एका सभासद ताईंचा निरोप, त्यांच्या विनंतीवरून नाव न देता पुढे पाठवत आहे. – कार्यकारिणी)

नमस्कार मंडळी,
आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा आहे. दोन शब्द जोडून बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, गाड्या मात्र तासन्‌तास ओळीत लावत बसतो. गणपतीत आरतीला टाळ्या सुरू झाल्या तसे त्याने कान झाकले आणि इतका रडला की आम्हाला प्रसाद न घेताच निघावं लागलं. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिराच बोलले. डॉक्टर म्हणतात, तिसऱ्या वर्षापर्यंत वाट बघू. रात्री मला झोप लागत नाही. आम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, सरकारी मदत मागितली तर काही अडचण येईल का?

---

उत्तर:

ताई, वाट बघू नका. माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. तो लहान असताना असेच सात-आठ महिने मी वाट बघण्यात घालवले, त्याची खंत अजून जात नाही.

उद्या सकाळीच सॅन अँड्रियास रीजनल सेंटरला फोन करा, वाढीत अडचण असलेल्या मुलांना मदत करणारं केंद्र आहे ते. सांता क्लारा काउंटी त्यांच्याकडे येते. (फ्रीमाँटकडच्यांनी ईस्ट बेच्या सेंटरला करायचा.) ‘अर्ली स्टार्टसाठी (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची मदत योजना) मुलाची तपासणी हवी आहे’ एवढंच सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, ऑटिझमचं निदानही आधी लागत नाही, आईने फोन केला तरी पुरतो. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि मुलाचा आराखडा ठरवायची बैठक व्हायला हवी. तारीख लिहून ठेवा. तपासणीचे पैसे पडत नाहीत, थेरपीसाठी मात्र आधी तुमचा विमा वापरायला सांगतील. ही रीजनल सेंटर्स १९६९ च्या लँटरमन कायद्याने उभी राहिली आणि तिथे व्हिसाची अट नाही.

घाई करा म्हणते त्याला कारण आहे. अर्ली स्टार्ट तिसऱ्या वाढदिवसाला संपतं आणि पुढची जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टवर जाते. ती बदली ठरवायची बैठक वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हावी लागते. म्हणजे तुमच्या हातात दोनच महिने आहेत.

आणि कृपा करून घरातलं मराठी बंद करू नका. आम्हाला एका डॉक्टरांनी ‘घरात फक्त इंग्रजी बोला’ असं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं. माझी आई पुण्याहून रोज फोनवर त्याला चिऊकाऊची गोष्ट सांगायची, ती गप्प झाली. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तपासणीला मराठी दुभाषी मागा, तो तुमचा हक्क आहे. मुलाचे सगळे शब्द लिहून न्या. ‘मम’, ‘दे’, ‘भू’, सगळे. इंग्रजीत विचारलं तर त्याचे निम्मे शब्द त्यांना कळणारच नाहीत.

सॅन होजेच्या ‘पेरेंट्स हेल्पिंग पेरेंट्स’मध्ये अशाच मुलांचे आईबाप बसलेले असतात, फॉर्म भरायला तेच मदत करतात. ‘जीना’ ही आपल्याकडच्या कुटुंबांसाठीची संस्था आहे, तिथे ‘लोक काय म्हणतील’ हे समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्याविषयी. झोप लागत नाही हे तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना सांगा, मुलाच्या भेटीत ओझरतं नको, वेगळी भेट घेऊन. आणि एखाद्या रात्री अगदीच सहन होईनासं झालं तर ९८८ फिरवा, मन खचलेल्यांसाठीची हेल्पलाइन आहे ती. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, दुभाषी मागता येतो. मी त्या काळात गॅरेजमध्ये गाडीत बसून रडायचे, घरात कुणाला कळू नये म्हणून. तुम्ही तसं करू नका. मला फोन करा, कार्यकारिणीकडे माझा नंबर आहे. शाळेच्या बैठकीलाही मी येईन.

– सांताक्लाराची मावशी

---

उत्तर:

मावशी, सकाळी नऊला फोन केला. बोलायला लागले आणि आवाजच फुटेना, मग यांनी फोन घेतला. पुढच्या गुरुवारी पहिली भेट आहे, मराठी दुभाषी मागितला आहे. शब्दांची यादी फ्रिजवर लावली. अकरा शब्द झाले होते. रात्री सासूबाईंना वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, अगं, माझ्याशी व्हिडिओवर तो ‘हंबा’ म्हणतो, ते लिही की. बारा.