मदत हवी आहे: रक्तात शिसं ६.८, वर ताण. दोन्ही मिळून बाळाच्या मेंदूचं काय होतं?

उंबरठा:
बाविसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. गेल्या आठवड्यात रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट आला: ६.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. ही तपासणी नेहमीच्या यादीत नव्हती. मी बोलता बोलता घराच्या खिडक्यांचा विषय काढला आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून डॉक्टरांनी लगेच लिहून दिली.

तर खिडक्या. आम्ही जुनं घर घेतलं. चौकटींवर रंगाचे थरावर थर, नखाने पापुद्रे निघायचे. तीन-चार शनिवार-रविवार नवऱ्याने आणि मी ते पत्रीने खरवडले, मग पॉलिश पेपर मारला. कोरडाच. दिवस गेलेत हे तेव्हा कळलंही नव्हतं. संध्याकाळी खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी लागायची. मी ती गाऊनला पुसून स्वयंपाकाला लागायचे. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

नवव्या आठवड्यात माझे बाबा गेले. आजारी नव्हते, काही नव्हतं. त्यानंतर दीड महिना मी रात्री जेमतेम तीन तास झोपले असेन.

हे दोन वेगळे विषय आहेत असं मी धरून चालले होते. परवा वाचलं की शिसं आणि गरोदरपणातला ताण मेंदूत एकाच ठिकाणी जाऊन भिडतात. हे खरं आहे का? म्हणजे मी रडत बसले त्याने शिशाचा परिणाम वाढला? आणि ३.५ ही मर्यादा म्हणतात, मी तर तिच्या जवळपास दुप्पट. डॉक्टर "महिन्याने परत बघू, तोवर काळजी करू नका" म्हणाल्या. काळजी करू नका हे ऐकून कुणाची काळजी थांबली आहे का आजवर?

गुळगुळीत_दगड:
ताई, टेन्शन घेऊ नका. शरीरातले धातू बाहेर काढणाऱ्या डिटॉक्स कॅप्सूल मिळतात, माझ्या मेव्हणीने घेतल्या होत्या. केसांची तपासणीही करून घ्या.

खारूताई:
दगडभाऊ, कृपा करून गरोदर बाईला असलं काही सुचवू नका. उंबरठा, अशा कॅप्सूलना हात लावू नका. काही 'नैसर्गिक' औषधांतच शिसं सापडलेलं आहे. धातू ओढून काढणारी खरी औषधं, म्हणजे चिलेशन, गरोदरपणात शक्यतो टाळतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत तो विचार ४५ किंवा त्याहून वर, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. गरोदर बाईचा आकडा ५ किंवा वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि रक्त पुन्हा तपासा, असं तिथे आहे. तुमच्या डॉक्टर तेच करताहेत. केसांवरून काही ठरत नाही, रक्तच तपासायचं.

आणि ते ३.५ लहान मुलांसाठी आहे. तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सर्वांत वरच्या अडीच टक्क्यांना वेगळं काढणारी रेघ, २०२१ साली आखलेली. तिच्याखाली सगळं सुरक्षित आणि वर सगळं संपलं, असा तिचा अर्थच नाही.

अर्धविराम:
मी मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, डॉक्टर नाही. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ बहुतेक रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेबोरा कोरी-स्लेक्टा यांच्या कामात आहे. त्यांचा २००४ चा निबंध नेमका यावरच आहे.

एकाच ठिकाणी भिडतात हे खरं आहे. ताण आला की कोर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. आईचं सगळं कोर्टिसोल बाळापर्यंत जात नाही, कारण वारेत (प्लासेंटात) एक एंझाइम बसलेलं असतं आणि ते बरंचसं निकामी करतं. ताण तीव्र आणि लांबलेला असला की हा पहारा ढिला पडू शकतो. कोर्टिसोल बाळाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि कपाळामागच्या भागात काम करतं: स्मरण, लक्ष, धीर धरणं. शिशाला तर वार अडवतच नाही. शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं, आणि पेशी एकमेकींशी बोलतात ते कॅल्शियमच्याच भरवशावर. त्याचा मारा त्याच हिप्पोकॅम्पसवर आणि त्याच कपाळामागच्या भागाकडे जाणाऱ्या डोपामिनच्या, म्हणजे मेंदूतल्या एका निरोप्या रसायनाच्या, वाटांवर पडतो. शिवाय एकट्या शिशानेही प्राण्यांच्या पिल्लांमध्ये ताणाच्या संप्रेरकांची घडी बिघडते. म्हणून दोन्हींची नुसती बेरीज करून भागत नाही.

आता प्रयोगात केलं काय ते नीट बघा. उंदरिणींना गाभण राहण्याच्या दोन महिने आधीपासून पिल्लांचं दूध सुटेपर्यंत शिसं घातलेलं पाणी पाजलं. गाभणपणाच्या सोळाव्या आणि सतराव्या दिवशी त्यांना हलताही येणार नाही अशा नळीत कोंडलं, पाऊण-पाऊण तास, दिवसातून तीनदा. दोन्ही मिळून वागण्यावरचा परिणाम मादी पिल्लांत जास्त उठून दिसला. हे पिल्लांच्या गटांच्या सरासरीतले फरक आहेत. यावरून एका बाईच्या एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही. मलाही नाही, परवा तुम्ही वाचलंत ते लिहिणाऱ्यालाही नाही.

माणसांत मेक्सिको सिटीतल्या आई-मुलांवर काम झालं आहे. तिथेही आईच्या ताणानुसार शिशाचा परिणाम कमी-जास्त दिसला. पण २००८ चा एक निबंध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या आयांचा आत्मसन्मान जास्त, त्यांच्या दोन वर्षांच्या मुलांमध्ये शिशाचा परिणाम फिका होता. ताणाची ही वाट दोन्हीकडून चालता येते, हे लोक सांगत नाहीत.

वडील गेल्यावर रडलात. त्याचा हिशोब मांडू नका. झोपेचं मात्र डॉक्टरांशी बोला, तिथे करण्यासारखं आहे.

उंबरठा:
अर्धविराम, तुमचा प्रतिसाद नवऱ्यालाही वाचून दाखवला. नळीत कोंडलेल्या उंदरिणीच्या ठिकाणी मी स्वतःला बसवून बघितलं आणि, खरं सांगते, जरा हसू आलं. पण एक विचारायचं आहे. खरवडणं थांबून चार महिने झाले. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं म्हणतात, मग ६.८ आलं कुठून? नवरा परत सिगारेट ओढायला लागलाय, त्याने?

खारूताई:
दोन शक्यता. एक म्हणजे हाडं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर हेही सुटतं. लहानपणी आत गेलेलं आता बाहेर येऊ शकतं. म्हणून कॅल्शियम चुकवायचं नाही. मेक्सिको सिटीतल्याच एका चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या गरोदर बायांचं रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी झालं, नेमाने घेणाऱ्यांचं त्याहून जास्त. तुमचा डोस डॉक्टर ठरवतील. लोहही बघून घ्या, लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं.

सिगारेट वेगळं प्रकरण आहे. तिच्यात मुख्यतः कॅडमियम, हा दुसरा विषारी धातू. ते वारेतच बरंचसं अडकतं, पण अडकून वारेचंच नुकसान करतं. तेव्हा नवऱ्याला धुरासकट बाहेर पाठवा.

दुसरी शक्यता: भुकटी अजून घरातच आहे.

पाना_पक्कड:
मी वीस वर्षं रंगकाम करतोय, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के मत. कोरडा पॉलिश पेपर मारलेल्या खोलीत धूळ महिनोन्‌महिने निघत राहते. खिडकी उघड-बंद करता ना? चौकटीत घासून दर वेळी नवी भुकटी पडते. झाडू मारू नका, साधा व्हॅक्यूमही नको, दोन्ही ती उडवतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेला फडका, एकदा पुसला की कचऱ्यात. हे काम तुम्ही करायचं नाही, नवऱ्याने करायचं, आणि त्या दिवशी तुम्ही घरात थांबायचं नाही. त्याचे कपडे वेगळे धुवायचे. खरवडताना घातलेले बूट कुठे आहेत?

उंबरठा:
बूट... आमच्या दारातच. रोज तेच घालून तो आत-बाहेर करतोय.

उंबरठा:
सव्विसावा आठवडा. मी दहा दिवस मावशीकडे राहिले. नवऱ्याने खिडक्या ओल्या फडक्याने तीनदा पुसल्या, चौकटींवर माणसं बोलावून पक्का रंग मारून घेतला, बूट टाकून दिले. लोह कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. कॅल्शियम रात्री झोपताना. समुपदेशक बाईंकडे तीनदा जाऊन आले. झोप आता पाच-सहा तास लागते. बाबांचं कपाट अजून उघडलेलं नाही, ते राहू दे.

काल रिपोर्ट आला, ४.९. डॉक्टर म्हणाल्या की शेवटच्या महिन्यांत हाडांमुळे थोडा वर जाऊ शकतो, बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू. अर्धविराम, बाळ झाल्यावर काही करता येतं का?

अर्धविराम:
येतं. शिसं दिलेल्या उंदरांना नंतर खेळणी आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं तर त्यांची शिकण्यातली तूट भरून निघाली, गिलार्टे यांच्या गटाचं २००३ चं काम. तुमच्याकडे पिंजरा नाही, घर आहे. बाळाशी भरपूर बोला, आणि त्याचंही रक्त वेळेवर तपासा.

पाना_पक्कड:
४.९ ऐकून बरं वाटलं. पट्टी पुसल्यावर फडका कसा निघतो आता?

उंबरठा:
काळा. साधी रस्त्यावरची धूळ. नवऱ्याने मला मुद्दाम आणून दाखवला, लांबूनच.