साठ वर्षं तोच चेहरा: ९११ दर पिढीला नवी काढायची का राहू द्यायची?

पुलगाव लोकल

काल 'दुसरी पाळी' यांनी लिहिलं, "पोर्श ९११ म्हणजे साठ वर्षं तोच बेडूक. डिझाइनवाले झोपा काढतात. दर पिढीला गाडी नव्यानं काढायला पाहिजे, नाहीतर लोकांनी कोट कोट रुपये कशाचे द्यायचे?" वाचून डोकं फिरलं. रात्री लाइन नव्हती, आता आली तर लिहून काढतो.

परवा समृद्धीवर कारंज्याच्या अलीकडे पंपावर थांबलो होतो. भाचा सोबत, सातवीतला. लांब एक गाडी येऊन लागली. अजून नाव दिसत नव्हतं, चिन्ह दिसत नव्हतं, फक्त छपराचा मागं घसरत गेलेला उतार दिसला अन् पोट्टा ओरडला, "मामा, पोर्श!" त्यानं जन्मात पोर्श पाहिली नव्हती. हे झोपा काढून होत नसते, भाऊ.

अन् 'तोच' म्हणजे काय तोच? १९६३ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा नाव होतं ९०१. मधात शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्यूजोवाले म्हणाले, म्हणून ९११ झालं. इंजिन दोन लिटरचं, हवेनं थंड होणारं, मागच्या चाकांच्याही मागं लटकलेलं. आज त्यातलं काय राहिलं? इंजिन मागं आहे अन् सहा सिलिंडर आडवे आहेत, बस. १९९८ पर्यंत हवा पूर्ण गेली, पाणी आलं. २०२४ ला तिच्या जीटीएस या प्रकारात हायब्रिड आलं.

आमच्या आजोबाचं घर असंच आहे. कवेलू गेले, टिना आल्या, टिना गेल्या, स्लॅब पडला. पण ओसरी जिथल्या तिथं, म्हणून तीस वर्षांनी आलेला पाहुणा दार चुकत नाही.

एकदा चेहरा बदलायला गेले होतेच. ९९६ चे दिवे पाहा. ९९६, ९९७ ही ९११ च्याच पिढ्यांची कंपनीतली नावं. जगानं 'तळलेलं अंडं' म्हणून हिणवलं. २००४ च्या ९९७ ला दिवे पुन्हा गोल. चुकले, घरी आले.

दुसरी पाळी

माझ्या नावानं धागा निघाला, धन्य झालो. पेढे वाटतो.

सातवीतल्या पोरानं ओळखली हा पुरावा? माझी आई चार चाकांच्या प्रत्येक वस्तूला 'जीप' म्हणते, तिचंही मत घ्या. लांबून तर आम्ही अँबेसिडरही ओळखायचो. कलेक्टरची असो का लग्नाची, चेहरा एकच. पन्नासहून जास्त वर्षं तीच गाडी चालवली आणि २०१४ ला उत्पादन बंद पडलं. तेव्हा कुणी 'ओसरी'चं कौतुक केलं नाही.

उलट लॅम्बोर्गिनी बघा. मिउरा, मग काउंटाश, मग डायब्लो. एकीचा चेहरा दुसरीला नाही आणि भिंतीवर पोस्टर तिघींची लागली.

आणि ज्या ९९६ ला तुम्ही अंडं म्हणता ना, नव्वदीच्या सुरवातीला पोर्श बुडायच्या बेतात होती. बॉक्स्टर ही पोर्शचीच स्वस्तातली गाडी आणि ९९६ यांचं पुढचं अर्धं अंग एकच ठेवून खर्च वाचवला, तेव्हा कंपनी तरली. त्या अंड्यानंच घर चाललं, साहेब.

डाव्या पायाचा ब्रेक

पोर्श राहू द्या जर्मनीत. माह्यासोबत काय झालं ते ऐका राजेहो.

माह्यापाशी ८७ ची बुलेट. गिअर उजव्या पायाले, ब्रेक डाव्या पायाले. पंचवीस वर्षं तेच केलं. मंग नव्या इंजिनाची घेतली, तिच्यात गिअर डाव्या पायाले. पयल्याच आठवड्यात पांदणीतून निंगालो, समोरून पऱ्हाट्यांनं भरलेली बैलबंडी. म्या दाबला डावा पाय. ब्रेक कायचा लागते, गिअर पडला! सरळ पऱ्हाट्यांत घुसलो. बंडीवाला शिव्या देऊन रायला अन् बैल माह्याकडं असे पाहून रायले जसा मी पाहुणा आलो. चूक पायाचीच, गाडीची नाई, हे मानतो. पण चांगला बसलेला पाय बदलायची कोनाले घाई होती?

जुनीले सुरू करणं म्हंजे विद्या होती. चाबी फिरवायची, किक हळू दाबत न्यायची, अँपिअरची सुई मधात आली का थांबायचं. डीकॉम्प्रेसर, म्हंजे इंजिनातला दाब सोडायची लिव्हर, दाबून किक जराशी पुढं सरकवायची, सोडायचा, मंग एकच लात. धुक्-धुक्-धुक्. सुई पाह्यली नाई तं किक पलटते अन् नडगी फुटते. आता पोट्टे बटन दाबतात अन् म्हनतात आम्ही बुलेटवाले.

वर्धेची लेक

काका, त्या विद्येपायी माझ्या बाबांची बुलेट मला कधीच चालवता आली नाही. बारावीत होते, बाबांना ताप, दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी अंगणात उभी. मी किक मारून मारून रडले. शेवटी शेजारच्या दादाला उठवावं लागलं. सुई मधात होती की कडेला, देव जाणे.

आज रोज देवळीहून वर्ध्याला बँकेत बटणाच्या बुलेटवर जाते. डिझाइन बदललं नसतं तर अजून शेजारच्या दादाची वाट बघत बसले असते.

डाव्या पायाचा ब्रेक

ताई, मंग स्कुटी घ्यायची. बुलेटच काहून पायजे?

वर्धेची लेक

का, बुलेट तुमच्या सातबाऱ्यावर चढली आहे?

बेंबळा

😂 सातबारा! काका, बंडीत घुसलात तेव्हाही एवढं लागलं नसंल.

डाव्या पायाचा ब्रेक

तू गप बे. तुह्या बापाले मी गाडी शिकवली.

पुण्यातला अकोटकर

विषय ९११ चा होता ना?

रूप कुणाच्या मर्जीनं टिकत नाही, इंजिनाच्या जागेमुळं टिकतं. पुढं इंजिन नाही म्हणून बॉनेट खाली बसतं, दोन्ही बाजूंचे दिवे वर उठतात आणि मागं छत उतरतं. २०११ च्या ९९१ या पिढीत पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०० मिलिमीटरनं वाढवलं. स्टीअरिंग इलेक्ट्रिक झालं. रस्त्यावर उभ्या माणसाला कळलं? नाही. बदल इतका मोठा करून तो दिसू न देणं जास्त अवघड, हे काम करणाऱ्यालाच कळतं. आणि १९७४ च्या मॉडेलला जे जाड बंपर आले ते हौसेनं नाही, अमेरिकेच्या नियमामुळं आले. प्रत्येक बदल 'चेहरा देण्यासाठी' नसतो.

काकांच्या बुलेटचंही तेच. गिअर डावीकडे, ही जगभरची रीत झाली. २०२३ ला तिचं इंजिन पुन्हा पूर्ण नवं आलं, टाकीवरच्या सोनेरी रेषा मात्र तशाच. म्हणजे काका, तुमची बुलेट आणि यांची ९११ एकाच शाळेतल्या.

डाव्या पायाचा ब्रेक

पुन्यात गेलं का मानूस शाळाच काढते. जगाची रीत तुमच्यापाशी ठेवा, माह्या नडगीले इचारा.

पऱ्हाटी

तुमचं चालू द्या, मले एकच सांगाचं हाय. आमच्याकडं दरसाली बियाण्याचं पाकिट नवं. नाव नवं, कधी वाघ, कधी पैलवान, चित्रातलं बोंड नारळाएवढं. अन् आतमधात? तेच बीजी-२, अळी लागू नये म्हनून काढलेलं कपाशीचं बीटी बियाणं, जे २००६ ले आलं. गुलाबी बोंडअळी आता त्याले न्याहारीले खाते. मागच्या साली एका दुकानदारानं 'एकदम नवीन वाण' म्हनून तीन पाकिटं गयात मारली. दिवाळीच्या आत अळी.

म्हंजे तिकडं पाकिट जुनं अन् माल नवा, इकडं पाकिट नवं अन् माल जुना. 'दुसरी पाळी' भाऊले नवा चेहराच पायजे असंल तं कृषी केंद्रात या. दर जूनले नवा चेहरा भेटते.

दुसरी पाळी

पऱ्हाटी दादा, हा टोला लागला. पण मी फक्त पाकिट बदला म्हणालोच नाही, दोन्ही बदला म्हणतो.

बेंबळा

आपली खरी स्पोर्ट कार म्हणजे पटाचा, बैलांच्या शर्यतीतला छकडा. माझ्या मोठ्या बाबाचा बाभळीचा होता, चुलतभावाचा लोखंडी पाइपाचा आहे. लांबून दोन्ही सारखेच. २०१४ ला कोर्टानं शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी भेटली, तेवढ्या वर्षांत कोणी छकड्याले नवा चेहरा दिला नाही. बैलालेही नाही.

पुलगाव लोकल

९९६ नं कंपनी तरली, हे खरं आहे. मान्य. पाहिजे तर पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो, शंभराचा आता चालत नाही. पण तिचं पोट पाण्याच्या इंजिनानं अन् वाचवलेल्या पैशानं भरलं, अंड्यानं नाही. अंडं आवडलं असतं तर पुढच्याच पिढीला फेकलं कायले असतं?

अँबेसिडरचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथं चेहरा राहिला अन् आतलंही जवळपास तसंच राहू दिलं.

आणखी एक. ९११ बंदच करायची, असं पोर्शनंही ठरवलं होतं. जागा घ्यायला ९२८ आणली, इंजिन पुढं, आठ सिलिंडर, १९७८ ला युरोपात कार ऑफ द इयर. झाली ना संपूर्ण नवी? मग १९८१ ला पीटर शुट्झ पोर्शचे मोठे साहेब झाले. कोणती गाडी कधीपर्यंत काढायची त्याच्या तक्त्यावर ९११ ची रेघ लवकरच संपत होती. त्यांनी मार्कर घेतला अन् रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली. स्वतःच सांगायचे ही गोष्ट. ९२८ कधीच बंद झाली, ९११ पंपावर उभी होती.

दुसरी पाळी

म्हणजे एवढं तत्त्वज्ञान एका साहेबाच्या मार्करवर उभं आहे. छान. दुसऱ्या साहेबाच्या हातात खोडरबर असता तर तुम्ही आज ९२८ ची ओसरी सांगत असता.

ठीक आहे, छपराचा उतार राहू द्या. पण आतमधला सगळा काचेचा पडदा तरी काढायला लावा. टीव्ही बघायला गाडीत बसतो का माणूस?

पुलगाव लोकल

ह्याच्यावर मात्र आपण एक.

डाव्या पायाचा ब्रेक

झालं तुमचं? आता कामाचं. ८७ च्या बुलेटची न्यूट्रल फाइंडरची, म्हंजे गिअर सरळ न्यूट्रलले आणायची, लिव्हर कोनापाशी हाय का? माही तुटली. अमरावती, अकोला फिरून आलो, डुप्लिकेट भेटते, बसत नाई.

वर्धेची लेक

बाबांच्या गाडीला आहे. गोठ्यात उभी आहे, ताडपत्रीखाली. देणार नाही.

डाव्या पायाचा ब्रेक

कितीले?

वर्धेची लेक

आधी स्कुटीचं मागे घ्या.

डाव्या पायाचा ब्रेक

बरं, घेतलं. रविवारी येऊ का?