आईला निकेलची ॲलर्जी, दाढेला टायटॅनियम इम्प्लांट की सिरॅमिक?

सुदामानगर_ची_लेक:
नमस्कार मंडळी, इंदूरमधे कोणी सिरॅमिकचं म्हणजे झिर्कोनियाचं इम्प्लांट (हाडात स्क्रू आणि त्यावर कॅप) बसवलंय का? आई ६३ वर्षांची आहे, तिची खालची डावी दाढ रूट कॅनल केलेली होती, दिवाळीत चकली खाताना ती उभी चिरली आणि शेवटी काढावी लागली. शेजारचे दोन्ही दात चांगले आहेत म्हणून ब्रिजसाठी, म्हणजे त्यांच्यावर टेकवलेल्या नकली दातासाठी, ते घासायचे नाहीत हे आमचं ठरलंय. पण तिला नकली दागिन्यांची भयंकर ॲलर्जी आहे, लग्नात तासभर कानातले घातले की कानाची पाळी लाल होऊन पाणी गळायला लागतं, घड्याळाच्या बकलाखाली पण गोल चट्टा उठलाय. स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करून निकेल सांगितलं होतं. आता एक डेंटिस्ट म्हणतात टायटॅनियमच बसवा, दुसऱ्यांनी ॲलर्जी ऐकल्याबरोबर मेटल-फ्री सांगितलं आणि खर्च दुपटीच्या वर. पैशाचं बघू कसंतरी, पण आईच्या डोक्यात बसलंय की धातू आत गेला की तोंडाचं पण कानासारखंच होणार, रात्र रात्र झोपत नाहीये. काय करू?

दातांचा_डॉक्टर:
ताई, मी डेंटिस्ट आहे, इंदूरलाच प्रॅक्टिस करतो. आधी आईंना एवढं सांगा की त्यांना सोसत नाही ते निकेल, आणि टायटॅनियम हा धातूच वेगळा. इम्प्लांटचा स्क्रू बहुतेक ग्रेड ४ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियमचा असतो, नाहीतर ग्रेड ५ चा, त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळतात, निकेल मिसळत नाहीत. टायटॅनियमची खरी ॲलर्जी फार क्वचित दिसते, स्पेनमधल्या १५०० इम्प्लांट पेशंटांचा एक अभ्यास २००८ साली छापून आला त्यात ९ जणांना निघाली, म्हणजे ०.६ टक्के.

मला काळजी वाटते ती कॅपची. स्क्रूवर बसणारी कॅप स्वस्तातली मेटल-सिरॅमिक असली तर वरून पांढरी दिसते पण आतली टोपी पुष्कळदा निकेल-क्रोमियमची असते. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, कॅपच्या कडेने हिरडीला लालभडक रेघ, वर्षभर माउथवॉश चालू, आणि घरचे सगळे म्हणत होते की इम्प्लांट सोसलं नाही, काढून टाका. मी स्क्रूला हातही लावला नाही, फक्त कॅप बदलून पूर्ण झिर्कोनियाची केली, महिनाभरात लाली उतरली. तर खालून कुठलंही बसवा, कॅप मात्र बिनधातूची मागा आणि ती कशाची आहे ते लिहिलेलं लॅबचं कार्ड हातात घ्या.

रामबागची_मीनल:
मी दोन वर्षांपूर्वी वरच्या पुढच्या दाताला झिर्कोनियाचं बसवलंय. मला ॲलर्जी बिलर्जी नव्हती, हिरडी फार पातळ होती आणि टायटॅनियमचा करडा रंग हिरडीतून झळकेल म्हणून डॉक्टरांनीच सुचवलं. दिसायला खरंच सुंदर झालंय, बहिणीला सुद्धा सांगावं लागलं कुठला दात आहे ते. पण माझं एका तुकड्याचं आहे, म्हणजे स्क्रू आणि वरचा खुंट एकच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तो खुंट हिरडीबाहेर, जीभ सारखी तिथेच जायची. हाड धरेपर्यंत त्यावर दाब पडू द्यायचा नाही. चार महिने मी पोहे सुद्धा मागच्या दाढांनी खाल्ले, रात्री ट्रे घालून झोपायचे, थंडीतला तळलेल्या गराडू कंदाचा सगळा सीझन गेला. पुढच्या दाताला हे जमतं, दाढेवर रोजचं चावणं आलं, तिथे काकूंना इतकं सांभाळता येईल का ते विचारून घ्या.

सियागंज_७८:
एक शंका आहे डॉक्टर, झिर्कोनियम पण धातूच ना? मग मेटल-फ्री कसं म्हणतात, लोकांना फसवायचं का हे?

दातांचा_डॉक्टर:
नाही दादा, फसवणूक नाही. झिर्कोनियम धातूच आहे पण इम्प्लांटमधे त्याचं ऑक्साईड असतं आणि ते सिरॅमिक. सोडियम धातू आहे म्हणून मीठ खाताना आपण धातू खात नाही ना, तसंच. आणि टायटॅनियमवर सुद्धा हवा लागली की लगेच ऑक्साईडचा पातळ थर चढतो, हाड जाऊन चिकटतं ते त्या थराला. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मधे पहिल्या पेशंटला टायटॅनियम बसवलं, ते चाळीस वर्षांवर टिकलं. सिरॅमिकमधे आधी ॲल्युमिनाचे इम्प्लांट होते, ते मोडायचे म्हणून मागे पडले. झिर्कोनिया त्याहून कितीतरी चिवट आहे, तडा जायला लागला की तिथले स्फटिक आकार बदलून थोडे फुगतात आणि तडा दाबून धरतात. पण तो वाकत नाही, मर्यादा संपली की सरळ मोडतो, आणि हाडात राहिलेला तुकडा काढायला आजूबाजूचं हाड कोरावं लागतं.

ताई, मीनलताईंनी दाढेचं बरोबर लिहिलंय. एका तुकड्याचं बसवताना जरा तिरकं गेलं तर नंतर वरचा भाग बदलून सरळ करता येत नाही, खुंट तोंडात घासत बसलं तर त्यात बारीक तडे पडतात. दोन तुकड्यांचं झिर्कोनिया मिळतं, पण ते नेहमी बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. आई रात्री दात खात असतील तर मी झिर्कोनियाला नाहीच म्हणेन. शुगर असेल तर आधी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट), मग सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, हाडाची रुंदी बघूनच पुढचं बोलायचं. माझी स्वतःची आई असती तर या दाढेला टायटॅनियमचा स्क्रू आणि वर पूर्ण झिर्कोनियाची कॅप केली असती.

सियागंज_७८:
समजलं डॉक्टर, धन्यवाद. आमच्या वडिलांना टायटॅनियम असून मागच्या महिन्यात गुडघ्याचा एमआरआय झाला, काही त्रास नाही, आधी टेक्निशियनला सांगितलं तेवढंच. काकूंना हे पण सांगा, आमच्याकडे त्याचीच भीती होती.

सुदामानगर_ची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. आईला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं, मिठाचं ऐकून म्हणाली हे मला आधी का नाही कोणी सांगितलं. मग स्वतःच उठली, आरशात तोंड उघडून उजवीकडच्या जुन्या कॅपकडे टॉर्च मारून बघत बसली, आठ वर्षांपूर्वीची आहे ती, कडेला काळसर रेघ दिसतेय आणि हिरडी जरा फुगलेली. आम्ही आजवर ते ब्रश नीट न केल्याचं समजत होतो. डॉक्टर, ही पण निकेलची असू शकेल का? सोमवारी स्कॅनला जातोय.

दातांचा_डॉक्टर:
असू शकेल. काळी रेघ मेटलच्या कॅपला हिरडी खाली सरकली की दिसतेच, तिचा अर्थ ॲलर्जी असा नाही, आणि फुगलेली हिरडी साध्या किटणाने पण होते. सोमवारी आधी तिथलं किटण काढून घ्या, दोन-तीन आठवडे बघा, तरी उतरली नाही तर कॅप बदलायचं बोला. पॅच टेस्टचा कागद सोबत न्या.