शब्दचर्चा : औषध ‘अंगातून गेलं’ म्हणजे नेमकं काय झालं? उत्सर्जन, निचरा, प्रतीक्षा काळ

पत्रक लिहिणारी, नाशिक :
सिन्नर आणि निफाड तालुक्यांतल्या दूध उत्पादकांसाठी जनावरांच्या औषधांवर एक मराठी पत्रक लिहिते आहे, आणि ते शब्दांवर अडलंय. औषध शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या टप्प्यांना पाठ्यपुस्तकी मराठीत शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन म्हणतात. गोठ्यावर यातला एकही शब्द ऐकू येत नाही. तिथे औषध ‘लागू पडतं’, ‘दुधात उतरतं’, ‘अंगातून जातं’.

सगळ्यात जास्त काळजी ‘विथड्रॉवल पिरियड’ची आहे. शेवटची मात्रा दिल्यानंतर किती दिवस दूध, अंडी किंवा मांस विकायचं नाही, तो हा काळ. 2012 पासून औषध नियमांनुसार तो लेबलवर छापावा लागतो. छापलेला नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरायचे. याचं ‘माघार कालावधी’ असं भाषांतर माझ्यासमोर आलं आहे. ते वाचून शेतकऱ्याला काय कळणार? कोणी कशातून माघार घ्यायची?

पशुवैद्यक, सिन्नर :
ताई, ‘माघार’ आजच खोडा. ‘प्रतीक्षा काळ’ लिहा, आणि त्याला लागूनच ‘शेवटच्या डोसपासून मोजायचा’ हेही लिहा. माझ्याकडे येणारे बरेच जण पहिल्या इंजेक्शनपासून दिवस मोजतात. उपचार तीन दिवस चालले की तिथेच तीन दिवसांची गफलत झाली.

दगडीचं, म्हणजे कासेच्या सुजेच्या आजाराचं, उदाहरण घ्या. एका सडात सूज आहे, त्या सडात ट्यूब सोडली. मालक त्या सडाचं दूध फेकतो आणि बाकी तीन सडांचं डेअरीला घालतो. पण औषध कासेतून रक्तात जातं आणि रक्तातून बाकीच्या सडांतही येतं. म्हणून दूध चारही सडांचं बाजूला ठेवायचं. ते उकळूनही भागत नाही, बरीचशी प्रतिजैविकं उकळीने पूर्ण नष्ट होत नाहीत. घरात याची खूण दिसते ती विरजणात. पेनिसिलीन उतरलेल्या दुधाला दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जिवाणूच मरतात. दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ, असं मात्र उलटं धरू नका.

‘दुधात उतरणं’ हा शब्द पत्रकात ठेवाच. रक्ताचा सामू (पीएच) साधारण 7.4 असतो, दुधाचा 6.6 च्या आसपास. त्यामुळे एरिथ्रोमायसिन, टायलोसिन यांच्यासारखी अल्कधर्मी औषधं दुधात येऊन अडकतात आणि रक्तापेक्षा दुधातच जास्त साठतात. पेनिसिलीन आम्लधर्मी, ते तुलनेने कमी येतं. गोठ्यावरच्या माणसाला सामू माहीत नसेल, पण औषध कुठून कुठे येतं हे त्याच्या क्रियापदात बरोबर आहे.

औषधनिर्माणशास्त्राची शिक्षिका, नाशिक :
डॉक्टरांशी सहमत. मला एका शब्दाबद्दल आग्रहाने बोलायचं आहे. ‘एलिमिनेशन’ला सर्रास ‘उत्सर्जन’ लिहितात, तिथे अर्थ निसटतो. उत्सर्जन म्हणजे लघवी, शेण, पित्त, दूध, घाम, श्वास अशा वाटांनी बाहेर टाकणं. एलिमिनेशनमध्ये हे येतंच, शिवाय यकृताने औषधाचं रूप बदलून मूळ औषध संपवणं हेही येतं. लघवीत मूळ औषधाचा कणही न सापडता ते शरीरातून नाहीसं झालेलं असू शकतं. या दोन्हींना मिळून मी वर्गात ‘निरास’ म्हणते. ‘निष्कासन’ ऐकलं की हकालपट्टी आठवते, आणि ‘निर्मूलन’ आपण पोलिओला आणि अंधश्रद्धेला देऊन टाकलंय.

‘चयापचय’ही मला औषधासाठी पटत नाही. चय म्हणजे बांधणी, अपचय म्हणजे मोडणी. अन्नाला हा शब्द चपखल बसतो, कारण अन्नातून शरीर बांधलं जातं. औषधाचं नुसतं रूप पालटतं, म्हणून ‘जैवरूपांतर’ बरा. आणि रूप पालटलं म्हणजे औषध निकामी झालं, असंही नाही. कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फिन होतो आणि वेदना शमते ती मुख्यतः त्यामुळे. काही माणसांत हा बदल घडवणारं विकर (एन्झाइम) मंद असतं, त्यांना कोडीनचा फारसा उपयोग होत नाही. काहींत ते फार जलद असतं, त्यांना नेहमीचा डोसही धोक्याचा ठरू शकतो.

प्राण्यागणिक फरक तर विचारूच नका. ॲस्पिरिनपासून बनणाऱ्या सॅलिसिलेटचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, माणसात लहान मात्रेला दोन-तीन तास, मांजरात दीड दिवसाच्या आसपास. औषधाला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ते विद्राव्य करणारी यंत्रणा मांजरात फार तोकडी आहे. त्यामुळेच पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. घरात मांजर असेल तर तापाची आपली गोळी तिला कधीही देऊ नका. हे वाक्य, ताई, दूध उत्पादकांच्या पत्रकातही खुशाल घाला.

द्राक्ष बागायतदार, निफाड :
‘प्रतीक्षा काळ’ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. फवारणीच्या तक्त्यात ‘काढणीपूर्व प्रतीक्षा काळ’ असतो, बोलताना सगळे पीएचआय म्हणतात. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले, तेव्हापासून ‘रेसिड्यू’ हा शब्द बागेत काम करणाऱ्या मजुरालाही ठाऊक आहे. इथे ज्याच्याकडे बाग आहे त्याच्याकडे बहुधा दोन गाईही आहेत. दोन्हीकडे एकच शब्द वापरा, लोक आपोआप जोडून घेतील.

एक विचारतो. जमिनीतून पाणी जातं त्याला आम्ही निचरा म्हणतो. औषधाचा निचरा म्हटलं तर चालेल का?

औषधनिर्माणशास्त्राची शिक्षिका :
चालेल, भाऊ, आणि एका नेमक्या अर्थाने चालेल. ‘क्लिअरन्स’ हे मोजमाप किती औषध गेलं ते सांगत नाही, दर मिनिटाला किती रक्तद्रव औषधापासून मोकळा झाला ते सांगतं. निरोगी तरुण माणसाच्या मूत्रपिंडातून मिनिटाला साधारण 120 मिलिलिटर द्रव गाळला जातो. जे औषध फक्त गाळलं जातं, रक्तात प्रथिनांना चिकटत नाही आणि परत शोषलं जात नाही, त्याचा निचरा तेवढाच असतो. म्हातारपणी किंवा मूत्रपिंडाच्या आजारात हा निचरा घटतो, म्हणून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवतात. तेव्हा क्लिअरन्सला ‘निचरा’, सगळ्या प्रक्रियेला ‘निरास’ आणि बाहेर टाकण्याला ‘उत्सर्जन’. तिन्ही वेगळे ठेवले तर गोंधळ होत नाही.

पहिल्या टप्प्यासाठी ‘शोषण’ नामाऐवजी क्रियापद घ्या : ‘आतड्यातून शोषलं जातं’. नुसतं ‘औषधाचं शोषण’ लिहिलं की वर्तमानपत्री अर्थ मध्ये येतो. मलमाला ‘जिरतं’ म्हणा. आणि आयव्हरमेक्टिनसारखं जंतांवरचं औषध चरबीत साठून हळूहळू बाहेर येतं, त्याला ‘मुरतं’. मुरलेला आजार म्हणतो तसंच, तो शब्द ऐकताच कळतं की हे लवकर निघणारं नाही.

पक्षीनिरीक्षक, त्र्यंबकेश्वर :
जैवरूपांतरावर माझ्याकडून एक, कारण हा शब्द चुकला की काय होतं ते आम्ही अंजनेरीच्या कड्यांकडे बघत शिकलो. गाईला दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसात राहिलं, गिधाडांनी ते खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढले. कारण 2004 मध्ये उघड झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मग बाजारात ॲसेक्लोफिनॅक होतं, नाव निराळं. पण गाईच्या शरीरात त्याचं रूपांतर होऊन डायक्लोफिनॅकच तयार होतं. म्हणजे बंदी घातलेलं औषध गाय स्वतःच बनवत होती. ॲसेक्लोफिनॅकवर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर जनावरांसाठी बंदी यायला 2023 उजाडलं. ‘चयापचयाने औषध निष्क्रिय होते’ असं सरधोपट वाक्य कुठेही छापू नका, हात जोडून सांगतो. वेदनाशामक लागलंच तर मेलॉक्सिकॅमबद्दल डॉक्टरांना विचारा, असं लिहा. गिधाडांना ते सुरक्षित आढळलं आहे.

पशुवैद्यक, सिन्नर :
याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि माणसांसाठीची मोठी बाटली गाईला वापरू नये म्हणून 2015 पासून माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅक इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरती ठेवली आहे, तेही घाला.

पत्रक लिहिणारी :
सगळ्यांचे मनापासून आभार. मजकूर असा करते आहे : ‘औषध आधी रक्तात शोषलं जातं, मग अंगभर पसरतं. काही चरबीत मुरतं, काही दुधात उतरतं. यकृत त्याचं रूप पालटतं. पालटलेलं रूप कधी निरुपद्रवी असतं, कधी मूळ औषधाइतकंच जोरकस. शेवटी लघवी, शेण आणि दूध या वाटांनी ते बाहेर जातं. लेबलवरचा प्रतीक्षा काळ शेवटच्या डोसपासून मोजा. तोवर चारही सडांचं दूध बाजूला ठेवा.’ ‘निरास’ पत्रकात घेत नाही, तो वर्गातच शोभतो. ‘अर्धायुष्य’ घेऊ का?

औषधनिर्माणशास्त्राची शिक्षिका :
नको. रक्तातलं औषध एका अर्धायुष्यात निम्मं, दोनात पाव, पाच झाली की जेमतेम 3 टक्के, हे गणित सोपं आहे. पण ते रक्ताचं गणित आहे. चरबी, यकृत, दूध यांतलं औषध त्याहून सावकाश जाऊ शकतं, आणि प्रतीक्षा काळ खाण्यात येणाऱ्या पदार्थांत उरलेले अंश मोजून ठरतो. एखादा हुशार मुलगा अर्धायुष्याला पाचाने गुणून मोकळा होईल आणि चौथ्या दिवशी दूध घालेल. त्याला लेबलवरचे दिवसच वाचू द्या, आणि तो आकडा ठळक अक्षरांत छापा.